रिकाम्या बाकांची नोंद



स्थलांतरासारखे जागतिक प्रश्न शाळकरी मुलांना काय कळणार, असे गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. शालेय प्रकल्पांत नक्कल फार, हे मान्य. निम्मे तर पालकच लिहितात! पण बीड जिल्ह्यातल्या मुलांना स्थलांतर पुस्तकातून शिकावे लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको 'एक कोयता' म्हणून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. वर्गातला कोणता बाक कधी रिकामा झाला, आजीपाशी मागे कोण राहिले, हे मुलांनी वहीत टिपले की झाले संशोधन. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून अशीच स्थानिक पाहणी मागते. ऊसतोडीच्या टोळ्या परततात तेव्हा पत्रलेखकांनी एखाद्या वर्गात जरूर डोकावावे.

— एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई