पट्टा आपला, पण वावरात दवा कोणाची?

गेल्या फवारणीच्या हंगामात चार दिवस मी सावंगी (मेघे)च्या मोठ्या दवाखान्यात साळ्याजवळ बसून होतो. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या वावरात तो पऱ्हाटी फवारत होता. वारा फिरला अन् दवा अंगावर आली. ओकाऱ्या, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय थरथर. वाचला. बाजूच्या खाटेवर यवतमाळकडचा एक पोरगा होता, त्याचीही तीच गत.

2017 साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा सगळे सांगायला आले, चष्मा घाला, हातमोजे घाला. भादव्याच्या उन्हात छातीएवढ्या पऱ्हाटीत ते सोंग घेऊन कोण फवारते, हे सांगणाऱ्याने एकदा पंप पाठीवर घेऊन पाहावं. पण आज मला वेगळीच गोष्ट बोलायची आहे. साळ्याच्या अंगात जे शिरलं तेच धुऱ्याच्या गवतात गेलं, पावसाने नाल्यात उतरलं. त्याच नाल्यात आपली ढोरं पाणी पितात, उन्हाळ्यात बायका झिरा खोदतात. तणनाशक आलं तसा वावरातला पातूर गेला, चिवळ गेली, धुऱ्यावरचा तरोटा जळाला. पूर्वी आषाढात भाजी विकत आणावी लागत नव्हती.

पट्ट्यासाठी आपण मोर्चे काढले तेव्हा काय म्हणालो होतो? जंगल आम्ही राखलं, म्हणून हक्क आमचा. ते खरंच होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते मान्य केलं. आता त्याच वावरात कृषी केंद्रातून उधारीवर बाटल्या येतात, अन् त्यांची रिकामी डबडी नाल्याच्या काठी पडलेली असतात. आपले विरोधक ही डबडी मोजत बसले आहेत, हे विसरू नका.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. सरकारात ज्याचं त्याचं खातं वेगळं. कृषी खातं उत्पन्न पाहतं. वन खातं हद्दीत ढोर शिरलं तर पावती फाडतं, हद्दीबाहेर हातभर अंतरावर काय फवारतात ते त्याचं काम नाही. आरोग्य खातं शेवटी सलाइन लावतं. नाला मात्र या तिन्ही खात्यांतून एकच वाहतो. आणि गावात तो नाला, ते वावर, ते जंगल, तो आजारी माणूस एकाच सभेत बसवता येतात. म्हणून धंदा कसा करायचा हे ठरवतानाच जंगलाची अट त्यात घालायची. धंदा झाल्यावर एक झाड लावून फोटो काढायचा, याला काही अर्थ नाही.

हे होतं, कारण झालेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्ता हा हातात रोख देणारा धंदा. पण चांगला कोवळा पत्ता फुटावा म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात. आगीत मोहाची रोपं जातात, पक्ष्यांची अंडी जातात, धूर गावभर. शिवाय पत्ता तोडला तर टेंभरं पाखरांना नाहीत अन् पोरांनाही नाहीत. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं अन् बांबूवर भर दिला. एवढा पैसा सोडणं सोपं नाही. त्याच्या आधी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा)ने 2011 साली स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकून दाखवला होता. विकायचा हक्क हातात असला म्हणजे किती तोडायचं हेही ठरवता येतं. ठेकेदार ठरवतो तेव्हा रान शिल्लक राहत नाही.

सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असं मी म्हणत नाही. ज्या घरात मे महिन्याच्या मजुरीवर पावसाळ्याचं बियाणं येतं, तिथे असं बोलणं म्हणजे भरल्या पोटाचं बोलणं. पण फळीच्या करारात एक ओळ घालता येते: आग लावली तर अनामत जप्त. मोहाखालचा पालासुद्धा जाळायचा नाही, झाडून घ्यायचा. अर्धा दिवस जास्त लागतो, लागू द्या.

पऱ्हाटीचं काम जड आहे. निंदणाची मजुरी तणनाशकापेक्षा महाग पडते, हे खोटं नाही. पण ती मजुरी गावातल्याच बाईच्या पदरात पडते, बाटलीचा पैसा कंपनीला जातो. एकदम बंद होणार नाही. सुरुवात नाल्यापासून करू: नाल्याच्या दोन्ही अंगाला वीस पावलं कोणतीच दवा नाही, तिथे तूर, ज्वारी, अंबाडी. धुऱ्यावर तणनाशक कोणीच मारायचं नाही. निंबोळ्या गोळा करून अर्क गावातच काढायचा.

काही भाऊ म्हणतील, चंद्रपूरच्या विजेच्या कारखान्याचा धूर आधी थांबवा, मग आमच्या पंपाकडे पाहा. बरोबर आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित भागांत धरलं. त्या धुराने होणारी वीज मुंबईला जाते, खोकला इथे राहतो. ती लढाई सोडायची नाही. पण खाणवाल्याला 'आमच्या नाल्यात घाण सोडू नको' असं म्हणायला आपण त्याच्यासमोर उभे राहू, तेव्हा तो आपली डबडी दाखवील. त्याला ती संधी का द्यावी?

फळीच्या लिलावाआधी जी ग्रामसभा होईल तिच्या नोटिशीत हे तीन विषय लिहून घ्या: आगीची अट, नाल्याची वीस पावलं, धुऱ्याचं तणनाशक. बायांना आधी विचारा, झिरा त्याच खोदतात. सचिव म्हणेल, हा कृषी खात्याचा विषय आहे, इथे नको. त्याला वनहक्क कायद्याचं कलम 5 वाचून दाखवा. जंगल, वन्यजीव, जैवविविधता अन् पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिला आहे.