यंत्राची नजर, माणसाचा उजेड

मधुमेहात डोळ्याचा पडदा हळूहळू खराब होतो आणि बरेचदा रुग्णाला ते उशिरा कळतं. 2016 साली गूगलच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्याच्या 1,28,175 छायाचित्रांवर शिकवलेली डीप लर्निंग प्रणाली हा आजार नेत्रतज्ज्ञांच्या तोडीने ओळखू लागली. त्या छायाचित्रांत अरविंद नेत्र रुग्णालयातलीही होती.

पुढे ही प्रणाली थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत गेली. तिथल्या खोल्यांत पुरेसा अंधार नव्हता, छायाचित्रं अस्पष्ट निघाली. 1,838 पैकी 21 टक्के तिने नाकारली. त्यामुळे ज्या रुग्णांना तज्ज्ञाकडे पाठवलं गेलं, त्यांचा दिवस बुडाला. या अंकात आम्ही नेमक्या याच ठिकाणी, यंत्र दवाखान्यात पोचतं तिथे, थांबलो आहोत.

अशी यंत्रं आणखीही आहेत. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली छातीच्या एक्स-रेवरून क्षयाची शक्यता वर्तवते. जपानचा सीलच्या पिलासारखा यंत्रमानव ‘पारो’ कुरवाळल्यावर प्रतिसाद देतो. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध त्याच्याशी बोलतात. अचूकतेच्या आकड्यांइतकंच यंत्राशेजारच्या परिचारिकेचं आणि रुग्णाचं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात असं यंत्र आलं असेल, तर तिथला अनुभव आम्हाला जरूर कळवा.