कृष्णाच्या भूमिकेतील ख्रिस्ती नट

रामायणावर नवा भव्य चित्रपट निघत असल्याची वार्ता आली आणि त्यात रामाची भूमिका करणाऱ्या रणबीर कपूर यांच्या अभिनयाची चर्चा होण्यापूर्वीच त्यांच्या खाण्यापिण्याविषयीची जुनी विधाने उकरून काढण्यात आली. असा मनुष्य राम म्हणून कसा शोभेल, असे विचारणाऱ्यांत आमच्या जळगाव-धुळ्याचे सुशिक्षित गृहस्थही आहेत; म्हणून या प्रश्नाची दखल घेणे आम्हांस प्राप्त आहे.

या गृहस्थांच्या वडिलांनी आणि आजोबांनी पडद्यावरील ज्या कृष्णाला हात जोडले, तो अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा होता. शाहू मोडक यांचा जन्म 1918 चा. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' या 1932 च्या बोलपटात ते प्रथम कृष्ण झाले, तेव्हा वय अवघे चौदा. राधा होत्या शांता आपटे. पुढे 29 चित्रपटांत त्यांनी कृष्ण रंगविल्याची नोंद आहे. विजय भट्टांच्या 'भरतमिलाप'मध्ये (1942) ते भरत होते. आणि 1940 साली प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी 'संत ज्ञानेश्वर'साठी याच नटाची निवड केली. ज्या मुक्ताईची समाधी आमच्या जिल्ह्यात आहे आणि जिची पालखी दर आषाढीस येथून पंढरपुराला जाते, तिच्या वडीलबंधूंचे रूप म्हणून अवघ्या महाराष्ट्राने हा चेहरा मनात साठवला. त्यामुळे कोणाची वारी बाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

खानदेशास हे नवलाचे वाटू नये. धरणगावच्या बालकवींना नगरला मायेचा आसरा मिळाला तो रेव्हरंड टिळकांच्या ख्रिस्ती घरी. जळगावचा श्रीरामरथ कार्तिकी एकादशीस निघतो आणि वाटेत भिलपुऱ्यात लालशहाबाबांच्या समाधीपाशी थांबून तेथे फुले वाहतो. हा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. खुद्द रामरायाच्या रथाला जे चालते, ते रामाचे सोंग घेणाऱ्या नटाला का चालू नये?

श्रद्धावंतांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्याला आपण देव मानतो त्याचे सोंग घेणाऱ्याने काही पथ्य पाळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र ते पथ्य ताटातले नव्हे, कामातले असावे. फाळक्यांच्या 'लंकादहना'त (1917) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या. हे अण्णा पूर्वी उपाहारगृहात कामाला होते. प्रेक्षकांनी त्यांना सीता मानले, ते त्यांच्या कामाकडे पाहून. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांनी स्वहस्ते उतरून काढलेले वाल्मीकिरामायण जपून ठेवले आहे. कथेशी इतकी जवळीक, निदान तिचा शतांश तरी, तुम्ही साधली आहे काय, असे रामाच्या नटाला, आणि त्याहून अधिक पटकथाकाराला, जरूर विचारावे. 2023 च्या 'आदिपुरुष'मधील हनुमंताच्या तोंडचे संवाद लोकांचा संताप पाहून प्रदर्शनानंतर बदलावे लागले, ते या प्रश्नाचे उत्तर नव्हते म्हणूनच.

आमची खरी तक्रार निराळी आहे. शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्ये (1939) मोडकांनी पोलीस शिपाई गणपत उभा केला. वेश्यावस्तीतील मैनेवर जीव जडलेला आणि तिला घरी नेऊ पाहणारा हा साधा, भाबडा, प्रामाणिक मनुष्य ज्यांनी पाहिला, त्यांना या नटाची ताकद किती होती हे सांगावयास नको. परंतु निर्मात्यांना हवे होते मोरपीस आणि प्रेक्षकांनाही तेच. गणपतच्या तोलाच्या भूमिका त्यांच्या वाट्यास पुढे फारशा आल्या नाहीत. 1993 साली ते निवर्तले तेव्हाही लोकांना आठवला तो कृष्ण. ख्रिस्ती नटाला देव म्हणून आपण उदारपणे स्वीकारले खरे, पण नट म्हणून त्याला देव्हाऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नाही, याबद्दल आम्हांस खंत वाटते.

जळगाव व धुळे येथील चित्रपटप्रेमी मंडळांनी 'संत ज्ञानेश्वर' आणि 'माणूस' हे दोन्ही बोलपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी दाखवावेत, आणि प्रथम 'माणूस' लावावा.