जगवणारीचा हिशोब कोण ठेवणार?

मैत्रिणींनो, मोबाइल आणि संगणकावरच्या खेळांचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोनच सूर लागतात. एक, पोरं बिघडली. दुसरा, निदान पोरींना तरी यापासून लांब ठेवा. तिसरा प्रश्न आपण विचारतच नाही: या खेळात मुलगी शिरलीच, तर तिच्या वाट्याला कोणते काम येते?

बहुतेक वेळा तिला 'हीलर' केले जाते. 'ओव्हरवॉच' (२०१६) किंवा 'व्हॅलोरंट' (२०२०) यांसारख्या सांघिक खेळांत एका बाजूला पाच-सहा जण आणि समोर तितकेच जण असतात. समोर यंत्र नसते, हाडामांसाची माणसेच कुठेतरी बसून खेळत असतात. कुणी वार करतो, कुणी वार झेलतो आणि कुणीतरी जखमी सोबत्यांना पुन्हा उभे करते. ती हीलर. ओव्हरवॉचमधली मर्सी आणि व्हॅलोरंटमधली सेज, या गाजलेल्या दोन्ही हीलर बायकाच आहेत. हा नुसता योगायोग म्हणायचा का? 'तू मागे थांब आणि आम्हाला बरे कर,' असे मुलीला सांगितले जाते. सामना जिंकला की मारणाऱ्याचे कौतुक होते. हरला की पहिला प्रश्न येतो, 'हीलर काय करत होती?' स्वयंपाकघरातली श्रमविभागणी पडद्यावर जशीच्या तशी उतरली आहे.

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, मुलींनी हे काम सोडावे आणि बंदूक हातात घ्यावी. ज्या मुलीला बंदूक हवी तिला ती मिळालीच पाहिजे. पण 'हीलरचे काम हलके, म्हणून सोडा' हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. तो मान्य केला तर मारणे हे कर्तृत्व आणि जगवणे ही नुसती सेवा, हे पुरुषप्रधान व्यवस्थेचे मापच आपण उचलले असे होईल.

हे काम नीट करायला काय लागते ते पाहा. समोर माणसे असली की ती सर्वांत आधी हीलरलाच गाठतात, कारण ती पडली की संघ कोसळतो. म्हणून पहिला नियम: आधी स्वतः जिवंत राहायचे. आपले सोबती दिसतील पण शत्रूला आपण दिसणार नाही, अशा आडोशाला उभे राहायचे. दुसरा: जो सर्वांत जास्त जखमी, त्यालाच आधी असे नसते. पुढचा घाव कोणावर येणार आणि कोण वाचला तर लढाई फिरेल, हे क्षणात ओळखायचे. तिसरा: मोठा उपाय एकदा वापरला की पुन्हा हाती यायला वेळ लागतो. तो घाबरून खर्चायचा नाही. समोरच्यांनी आपली अस्त्रे कधी वापरली, याचीही मनात मोजणी ठेवायची. चौथा नियम सर्वांत अवघड आहे. एखादा सोबती न सांगता एकटाच पुढे धावत सुटला, तर त्याच्यामागे जायचे नाही. एक पडला तर संघ सावरू शकतो, त्याच्यापाठी हीलरही पडली तर सामना गेला.

'नाही' म्हणणे हा या कामाचा भाग आहे. हे आपल्या मुलींना कोण शिकवते?

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर जोड्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरायचा. राबतात दोघे, पण उचल आणि हिशोब नवऱ्याच्या हाती. खाडा झाला तर दंड, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फड आणि खेळ एक नव्हेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण सगळ्यांना जगवणारीने स्वतःकडे शेवटी पाहायचे, ही शिकवण दोन्हीकडे एकच आहे. चांगली हीलर ती शिकवण मोडूनच चांगली होते.

आता आवाजाचे पाहू. हीलर मागे उभी असते, म्हणून सगळे मैदान तिलाच दिसते. कोण कुठून येतोय, कधी मागे हटायचे, हे तिने सांगायला हवे. पण माइकवर बाईचा आवाज ऐकू आला की शिवीगाळ आणि अश्लील बोलणे सुरू होते. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून खेळतात. डोळे उघडे आणि तोंड बंद! खुर्चीवर सरपंचबाई आणि बोलणारा सरपंचपती, हे आपण पाहिलेलेच आहे.

'मुलींना जमतच नाही' असे म्हणणाऱ्यांनाही उत्तर आहे. अमेरिका आणि चीनमधल्या दोन मोठ्या ऑनलाइन खेळांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. बायका पुरुषांपेक्षा सावकाश पुढे जातात असे त्यात दिसले नाही. फरक होता तो खेळायला मिळालेल्या वेळाचा. सिरसाळ्यात काय आणि पुण्यात काय, घरातला फोन आधी कोणाच्या हातात जातो? भाऊ खेळत बसतो तेव्हा भांडी कोण घासते?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या कक्षेत आणले. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे हे आता मैदान आहे. मग मैदानावरचे हक्कही मागायला हवेत.

आपल्या किशोरी गटांमध्ये हा विषय घ्या. मुलींना खेळायला ठरावीक वेळ आणि फोन मिळाला पाहिजे. संघात हीलरचे काम पाळीपाळीने सगळ्यांनी करावे, मुलग्यांनीही. शिवी देणाऱ्याची तक्रार हीलरने एकटीने नव्हे, पूर्ण संघाने करावी. आणि हिशोब बदलावा. सामन्याच्या शेवटी हीलिंगचा आकडा फलकावर येतो, पण तो फसवा असतो. सोबती बेफिकीरपणे मार खात राहिले की तो आपोआप फुगतो. तिने वेळीच दिलेल्या इशाऱ्याने जो घाव बसलाच नाही, तो कुठेच लिहिला जात नाही.

तो लिहायला आपणच सुरुवात करू या. खेळात, फडात आणि घरातही.