पहिली खेळी आणि शेवटची

पांढुर्ण्याची मंडळी रेल्वेने आणि सौंसरची मंडळी छिंदवाड्याच्या सडकेने ज्या शहरी मोठ्या कामासाठी जातात, त्या नागपूरच्या एका कन्येने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. दिव्या देशमुख हे तिचे नाव. वय त्या वेळी १९. समोर होत्या कोनेरू हम्पी. दिव्याचा जन्म २००५ चा; हम्पींनी ग्रँडमास्टर हा किताब २००२ सालीच मिळविला होता!

वाचकहो, त्या अंतिम सामन्यातील डावांच्या प्रारंभाविषयी आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. पहिल्या डावात पांढरी मोहरी घेऊन दिव्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सारले व मग त्याच्या शेजारचे प्यादे प्रतिपक्षापुढे ठेविले. यास ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणतात. देणाऱ्याचे नुकसान वरवरचे असते. ते प्यादे बहुधा परत मिळते आणि पटाचा मध्यभाग हाती येतो. हम्पींनी प्यादे घेतले. डाव बरोबरीत सुटला. दुसराही तसाच.

मग प्रत्येकी १५ मिनिटांचे जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात हम्पींनी ‘कॅटलन’ हा प्रारंभ निवडला. यात राजाच्या बाजूचा उंट कोपऱ्याजवळ बसवून लांब तिरप्या रेषेवर दुरूनच दाब ठेवितात. हा दाब सोसणे सोपे नव्हे. दिव्याने तो सोसला; घड्याळातील वेळ सरत आला तेव्हा चूक हम्पींकडून झाली आणि सामना दिव्याने अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकला.

प्रारंभ पुस्तकातून शिकता येतो आणि तो दोघींनाही पाठ होता. निकाल लागला तो त्यानंतरच्या चिकाटीने. स्पर्धेस आली तेव्हा ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा एकही ‘नॉर्म’ दिव्यापाशी नव्हता. विश्वचषकाने तिला ते पद थेट दिले व ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. विजयानंतर ती आईच्या गळ्यात पडून रडली.

आमच्या घरांतून अजूनही ऐकू येते, ‘पट आवर, अभ्यास कर, मुलीच्या जातीला हे कशाला?’ आईबापांना आमची विनंती एवढीच, की पट उचलण्यापूर्वी लेकीचा डाव संपू द्यावा. एका जागी बसून, हरत असताही विचार न सोडणे, हाही अभ्यासच आहे.