जोडीदारच समोर उभा!

आपल्याकडच्या बऱ्याच वादविवाद स्पर्धांच्या नियमांत एक ओळ हमखास असते : 'संघात दोन स्पर्धक, एक अनुकूल, एक प्रतिकूल.' आहे की नाही गंमत? क्रिकेटमधला जोडीदार आपल्याच धावेसाठी पळतो. इथला जोडीदार मात्र आपला मुद्दा खोडायला उभा राहतो. आणि सांघिक ढाल मिळते ती दोघांच्या गुणांची बेरीज करून!

म्हणजे एकट्यानं टाळ्या मिळवून भागत नाही. एकाला ८० आणि दुसऱ्याला ४० गुण मिळाले, तर बेरीज १२०. प्रत्येकी ६५ मिळवणारी साधी जोडी १३० गुणांनी ढाल घेऊन जाते.

मग तयारी कशी करायची? आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलाच विषय घेऊ. 'अजिंठ्याला रोज ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश द्यावा.' वेरूळप्रमाणेच १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही लेणी. समजा, अनुकूल बाजू तुमच्या मैत्रिणीकडे आहे. ती म्हणेल, गर्दीच्या श्वासांनी आत दमटपणा वाढतो, चित्रं खराब होतात. तुमची बाजू प्रतिकूल. तुम्ही म्हणाल, परिसरातल्या दुकानदारांचं पोट पर्यटकांवर आहे. शिवाय सहलीच्या मुलांना दारातून परत पाठवायचं का?

इथेच अनेक जोड्यांचं बिनसतं. दोघंही आपापली वही लपवतात! तसं करू नका. तुमचा सगळ्यांत पक्का मुद्दा आधी तिलाच सांगा आणि म्हणा, "खोड बरं!" ती विचारेल, "चित्रंच उरली नाहीत तर दुकानं कशावर चालणार?" आता बसा डोकं खाजवत! मग सुचेल, "कुणाला परत पाठवू नका, वेळ वाटून द्या, एका वेळी थोडेच जण आत सोडा." ती लगेच म्हणेल, "पण दिवसभरातली माणसं तेवढीच ना?" झाली की नाही दोघांचीही तयारी?

कामंही वाटून घ्या. ज्याला वाचनाची आवड, त्यानं दोन्ही बाजूंची टिपणं काढावीत. जिचं बोलणं ठसकेबाज, तिनं घड्याळ लावून दोघांचीही तालीम घ्यावी. आणि एकदा तरी बाजू बदलून बोला. समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून निघालं, की त्यातला जोरही कळतो आणि कच्चा दुवाही.

एक पथ्य मात्र पाळा. मुद्दा खोडायचा, माणूस नाही. तालमीत कळलेली जोडीदाराची अडखळण व्यासपीठावर चिडवायला वापरली, तर ढाल जाईल आणि मैत्रीही.

आईबाबांनो, मूल स्पर्धेहून आलं, की "तुझा नंबर कितवा?" असं आधी विचारू नका. "दोघांचे मिळून किती झाले?" असं विचारा.

चला तर, या आठवड्यात जोडीदाराला आपली वही द्या बघू!