बोली लावा, पण पगार बघून!

मार्च २०२५ मध्ये हुसेनचं ‘ग्राम यात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गायतोंडेंच्या एका कॅनव्हासला ६७ कोटी मिळाले. हे गायतोंडे जन्माने आमच्या शेजारचे, १९२४ सालचे नागपूरचे! अशा बातम्या वाचून आपण काय करतो? ‘सही आहे यार’ म्हणतो आणि भिंतीवर लावायला मॉलमधून तीनशे रुपयांचं पोस्टर आणतो. तेच पोस्टर मग आपल्या तीन मित्रांच्या हॉलमध्येही दिसतं.

पण राव, लिलाव म्हणजे नुसता कोटींचा खेळ नव्हे. ऑनलाइन लिलावांत दहा-वीस हजारांचे लॉटही असतात. बोली लावायला सूट-बूट लागत नाही. मोबाइल आणि केवायसी पुरते. मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीत वर्ध्याला घरी असलो की अंगणातल्या खाटेवर बसूनही बोली लावतो.

तसा वर्ध्याचा आणि लिलावाचा संबंध जुनाच. नोव्हेंबर १९३३ मध्ये गांधीजी हरिजन यात्रेला निघाले ते वर्ध्याहूनच. वाटेत सभांमध्ये त्यांना मानपत्रं मिळायची, चांदीचे करंडक मिळायचे. गांधीजी तिथल्या तिथे त्यांचा लिलाव पुकारायचे आणि पैसे निधीत टाकायचे. सही हवी? पाच रुपये काढा! पुढे २००९ मध्ये त्यांचाच चष्मा, चपला, घड्याळ आणि ताट-वाटी न्यूयॉर्कमध्ये १८ लाख डॉलरला विकली गेली. ताट-वाटीचं एवढं मोल कशामुळे? ती कुणाची, कुणाकडून कुणाकडे आली, या गोष्टीमुळे. लिलाववाले याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. तुमचं बजेट पंधरा हजारांचं असलं तरी हा प्रश्न बिनधास्त विचारा. चित्र आधी कुणाकडे होतं? गॅलरीचं बिल आहे का? मागे लेबल आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या लॉटकडे वळा.

आता फंडा नंबर एक. कागदाला कमी लेखू नका. मोठ्या कॅनव्हासच्या मानाने त्याच चित्रकाराचं पेनचं स्केच, छोटा जलरंग किंवा प्रिंट कितीतरी स्वस्त मिळतं. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी जी पोस्टर्स रंगवली, तीही हातकागदावरच. येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला दिसावीत म्हणून ती मांडवात लावली होती. आज त्यातली बरीचशी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

आणि प्रिंट म्हणजे झेरॉक्स नव्हे हं! लिनोकट, एचिंग, लिथोग्राफ यांत चित्रकार स्वतः ठसा तयार करतो आणि त्यावरून मोजक्याच प्रती काढतात. हातात काठी घेऊन चाललेले गांधीजी आठवतात ना? नंदलाल बोस यांचं ते १९३० चं प्रसिद्ध चित्र लिनोकटच आहे. प्रिंटच्या खाली पेन्सिलीने १२/५० असं काही लिहिलेलं दिसलं, तर अर्थ असा की पन्नास प्रतींपैकी ही बारावी. शेजारी सही बघा. सही पेन्सिलीची आहे की तीही छापलेली, हे झूम करून तपासा.

फंडा नंबर दोन, गणित. स्क्रीनवर दिसते ती हातोड्याची किंमत, तुमच्या खिशातून जाणारी नव्हे. समजा, चित्र २० हजारांना सुटलं. त्यावर लिलावघराचं कमिशन, म्हणजे ‘बायर्स प्रीमियम’, २० टक्के धरा. झाले ४ हजार. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ७२० रुपये. चित्रावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तो हजार रुपये. बेरीज २५,७२०. कुरिअर आणि फ्रेम वेगळीच. प्रत्येक लिलावघराचे दर निराळे असतात, तेव्हा नियमांचं पान आधी वाचा. खिशात २० हजारच असतील तर साधारण १४ हजारांवर थांबायचं. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. लिलाव सुरू झाल्यावर डोकं आपलं राहत नाही.

गेल्या दिवाळीत मी असाच आकडा लिहून बसलो होतो. विदर्भातल्या एका जुन्या चित्रकाराचं शाईतलं स्केच होतं ते. बैलबंडी, मागे पळसाचं झाड, बस्स. मनात भरलं होतं. माझी मर्यादा १४ हजार. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ वाढते, तशी ती वाढतच होती. साडेबारा, तेरा, साडेतेरा... बाबा शेजारी येऊन बसले.

“काय पाहून राहिला रे एवढं मोबाइलमंदी?”

“बोली लावून राहिलो, बाबा. चित्राची.”

“किती झाली?”

“साडेचौदा. माझी हद्द चौदाची होती. पंधरा टाकू का?”

बाबांनी जन्मभर हिंगणघाटकडच्या आमच्या शेतातला कापूस विकलाय. लिलाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण दुसऱ्या बाजूने. ते शांतपणे म्हणाले, “पाय बापा, आमी कापसाची गाडी घेऊन जातो, तवा व्यापारी बोलन तो भाव. आवडला नाही तरी गाडी वापस आणनं परवडत नाही, भाडं अंगावर येते. तुले तर उठून जाता येते. घेणाऱ्याची सारी ताकद तेवढीच असते. ते कायले घालवतं?”

मी मोबाइल पालथा ठेवला. स्केच एकोणीस हजारांना गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्यानंतर लिलावातल्या प्रत्येक लॉटकडे मी निराळ्या नजरेने बघायला लागलो. ज्याच्याकडे विकण्याशिवाय पर्याय नाही त्याला भाव ऐकावा लागतो, आणि आपण, पगारदार माणसं, निव्वळ हौसेखातर स्वतःहून तशीच अडचण ओढवून घेतो! दोन महिन्यांनी एका एचिंगवर मी नऊ हजारांची बोली लावली आणि ते माझं झालं. मोजक्या रेषांत एक विहीर आणि रहाट. आईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “आपल्या मळ्यातल्यासारखी हाय.” ती प्रत वर्ध्याच्या घरीच ठेवली.

एक सूचना, खास वैदर्भीयांसाठी. कागदावरचं चित्र कूलरसमोर लावू नका! ओलाव्याने कागदाला लाटा येतात, तपकिरी डाग पडतात. थेट उन्हाची भिंतही नको. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट मागा आणि काच चित्राला चिकटू देऊ नका. खरेदीआधी कंडिशन रिपोर्ट मागवायचा तोही याचसाठी. आधीच्या मालकाच्या कूलरची करामत त्यात दिसते.

पैसे दुप्पट होतील म्हणून घेत असाल तर एसआयपी बरी. छोट्या लॉटला पुन्हा गिऱ्हाईक मिळेलच, याची हमी कुणी देत नाही. पण दहा वर्षं रोज सकाळी चहा पिताना जे बघायला आवडेल, ते जरूर घ्या. मात्र आकडा आधी लिहा. तो ओलांडला की उठा. पुढच्या महिन्यात पगार होतो, तसा लिलावही होतोच की!